महागूभाऊची हलकी माडी

महागूभाऊच्या अंगणात ठोकळ्याची परीक्षा असली की पहिला सांगावा मला यायचा. कारण सोपं आहे. आमच्या गल्लीत माझ्याएवढं वजन दुसऱ्या कोणाचं नाही, आणि एवढ्या वजनाचा माणूस भर दुपारी रिकामा सापडणं तर अख्ख्या बालाघाटात अवघड. माझं शिवणाचं दुकान आहे; पण तिथे कपडे कमी शिवले जातात आणि लोकांच्या गोष्टीच जास्त उसवल्या जातात, असं माझी बायको लीलाबाई म्हणते. मी मशीन तशीच सोडून जायचो. अंगणात दोन लाल विटा अंतर ठेवून मांडलेल्या असायच्या आणि त्यांच्यावर भाऊनं बनवलेला राखाडी ठोकळा आडवा. विहाराच्या पायरीशी काढतो तशी मी चप्पल काढायचो आणि ठोकळ्यावर चढायचो.

ठोकळा मोडायचा. मी खाली. कुंपणावरची पोरं टाळ्या वाजवायची.

"वसंता, हळू चढत जा ना बे," भाऊ म्हणायचा.

"मी हळूच चढलो गा. तुझा ठोकळाच पापड निघाला, त्याले मी काय करू?"

मग ओसरीतल्या खाटेवरून मैनावहिनी, म्हणजे भाऊची बायको, बोलायची. "उद्या या वसंताभाऊ. उद्या उडदाचे करून राह्यले."

अशी ती बाई. गुडघे गेलेले, चालणं खाटेपासून न्हाणीपर्यंत, तेही भिंतीला धरून. पण जीभ गोंदियापर्यंत जाऊन परत यायची. गल्लीत माझ्या तोंडाला तोंड देणारी ती एकटी. बाकीचे नुसते हसतात.

महागूभाऊनं उभी जिंदगी राइस मिलच्या भट्टीवर काढली. आमच्याकडे धान पिकतं, मिली धान कांडतात, आणि वर जो भुसा उरतो तो त्याच मिलीच्या भट्टीत जळतो. भुसा घालायचा आणि राख ओढायची, ही भाऊची नोकरी. ती राख कोणाला नको असते. मिलीमागं तिचे डोंगर होतात, आणि वारा सुटला की ते डोंगर लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतात. भाऊ नोकरीतून सुटला तेव्हा मालकानं शाल आणि नारळ दिला. भाऊनं वर आणखी राख मागितली. "ने बाबा, जेवढी लागन तेवढी ने," असं म्हणताना मालकाला नक्की वाटलं असणार की म्हातारा भट्टीच्या आचेनं खुळावला.

खुळावला नव्हता. त्याला माडी बांधायची होती.

आमची गल्ली वैनगंगेच्या उताराला आहे. मागच्या मोठ्या पुरात नदी विचारपूस न करता घरात आली. भाऊ त्या दिवशी मिलीत अडकलेला, रस्ता बंद, आणि लेक समीक्षा भरवेलीला सासरी. मैनावहिनी एकटीच घरात. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तिच्या दारात पोचलो तेव्हा पाणी खाटेच्या सुंभाला लागलं होतं, आणि ती बाई खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "वसंताभाऊ, तुम्ही ट्यूबवर बसले तं मी कुठे बसू? हे बुडन ना." आम्ही हसत हसत तिला काढलं. पण त्यानंतर आभाळ भरलं की ती आडवी होत नसे. पाय वर घेऊन, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपायची. हसणं दिवसाचं, भीती पावसाची.

तेव्हा भाऊ तिला म्हणाला, "पुढच्या पुराच्या आधी तुले वर नेतो."

"वर तं सारेच नेतात," वहिनी म्हणाली. "तुम्ही माडीवर न्या."

झालं, शब्द दिला गेला. आता अडचण पाहा. घर जुनं, मातीच्या जाड भिंती, वर सागाच्या फळ्यांचा माळा आणि त्यावर कवेलू, म्हणजे कौलं. राजेगावचा हेमराज मिस्त्री येऊन भिंतीला टिचक्या मारून गेला. पोरगा वयानं लहान आहे, पण हाताचा साफ. तो म्हणाला, "काका, माळ्यावर लाल विटेची खोली चढवली ना, तं वरची खाली येईन अन् खालची जमिनीत जाईन. काही हलकं असन तं बोला."

हलकं. या एका शब्दामागं भाऊ लागला. जावयानं मोबाइलवर दाखवलं की सिमेंटात साबणासारखा फेस कालवून ठोकळे ओततात. फेसाचे बुडबुडे आतच राहतात, ठोकळा अनारशासारखा जाळीदार होतो आणि एका हातानं उचलता येतो. पण नुसत्या फेसाचा ठोकळा भुसभुशीत होतो, त्याला कस हवा. तो कस भाऊच्या मिलीमागं पडून होता. नीट, सावकाश जळलेल्या भुशाची पांढुरकी राख बारीक वाटून सिमेंटात घातली की सिमेंट घट्ट बांधलं जातं. काळी राख चालत नाही. भट्टीवर आयुष्य गेलेल्या माणसाला काळी आणि पांढरी वेगळी करायला शिकवावं लागलं नाही.

फेसासाठी बिरसा गावच्या बाजारातून रिठे आले. घुसळायला वहिनीची ताकाची रई ड्रिल मशीनला बांधली गेली. वहिनीनं यावर आठवडाभर तोंडसुख घेतलं. "माहेरची रई होती माझी. लोणी काढायची. आता घर काढून राह्यली."

खाटेला लागूनच एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता. ठोकळ्याचं पाणी त्यातच. एकदा भाऊनं एक ठोकळा त्यात सोडला तर तो तरंगायला लागला. पोराला पहिला दात यावा तसा भाऊचा चेहरा खुलला.

वहिनी पाहत होती. म्हणाली, "अवो, पूर आला तं माडीसकट मी गोंदियाले लागन. तिथून फोन करन तुम्हाले."

तरंगला खरा, पण त्याच ठोकळ्यावर दुसऱ्या दिवशी मी चढलो आणि तो मोडला. रोग एकच होता. संध्याकाळी साचा काठोकाठ भरायचा आणि सकाळी बघावं तर माल निम्म्यावर बसलेला. सिमेंट धरायच्या आधीच बुडबुडे मरत होते. बसलेला ठोकळा जड व्हायचा, न बसलेला फुसका निघायचा. भाऊ राख जास्त वाटायचा, रिठे जास्त उकळायचा, आणि मी परत परत पडायचो. वर्ष असंच गेलं.

दिवाळी झाली, नवा तांदूळ आला. स्वयंपाक भाऊच करायचा, कारण चुलीपुढं बसणं वहिनीला होत नव्हतं. नव्या तांदळाचा भात झाला आणि वहिनीनं ताट सरकवलं.

"छातीत अडते जी," ती म्हणाली. "गॅस होय."

भाऊनं यावर तोड काढली. आमच्याकडे भात शिजवून वरचं पाणी, म्हणजे पेज, गाळून काढतात. नव्या तांदळाची पेज दुधासारखी दाट. भाऊ ती लोट्यात घ्यायचा, मीठ टाकायचा, खाटेजवळ ठेवायचा. "भात जात नाही तं पेज तरी पी," असं बजावून सायकलवर पोतं टाकून मिलीकडे राखेला निघायचा. परत यायचा तेव्हा लोटा ड्रमाच्या झाकणावर पालथा. पालथा लोटा म्हणजे पेज पिऊन झाली, असा त्या दोघांचा ठराव. भाऊ मला कौतुकानं सांगायचा, "भात नाही खात बरं, पण पेज पूर्ण संपवते."

आणि त्याच दिवसांत एका सकाळी ठोकळा बसला नाही.

साचा काठोकाठ होता तसाच काठोकाठ. थोडा ओला होता, धरायला एक दिवस जास्त लागला. पण निघाला तेव्हा कोपरे शाबूत, आणि आतून जाळी मटकीच्या दाण्यापेक्षाही बारीक. भाऊनं पोरगं पाठवून मला बोलावलं. मी चप्पल काढली, चढलो, डोळे मिटले. काही झालं नाही. एक डोळा उघडला. तरी काही झालं नाही. मग मी उडी मारली.

"ठोकळा आहे का तमाशा आहे?" लीलाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "उतरा, पाय मोडन."

"मोडन तं माझा पाय मोडन," मी म्हणालो. "हा नाही मोडत आता."

मैनावहिनी खाटेवर बसून टाळ्या वाजवत होती. खूप वेळ वाजवत होती. भाऊनं ठोकळा उचलून तिच्या मांडीवर ठेवला, आणि तिनं त्यावरून असा हात फिरवला जसा नातवाच्या डोक्यावरून फिरवतात.

"काय केलं या वेळी?" मी विचारलं.

"राख दोनदा वाटली," भाऊ म्हणाला. "दुसरं काय. मेहनत होय भाऊ, मेहनत."

त्यानं खरंच तसं मानलं. तेव्हापासून राख दोनदा वाटली जाऊ लागली, ठोकळे निघू लागले आणि मी पडायचा बंद झालो. पोरांची करमणूक गेली.

थंडीभर भिंत चढली. हेमराज सायकलवरून यायचा. त्यानं कवेलू उतरवले, माळ्याच्या कडेनं भिंत घेतली. खालच्या दोन ओळींत त्यानं भाऊचे जुने, बसलेले, जड ठोकळे घातले, बुड पक्कं राहावं म्हणून. तिसऱ्या ओळीपासून हलके. मातीच्या भिंतीनं कुरकुर केली नाही. दुपारपुरती वहिनीची खाट अंगणात उन्हात काढायचे. तिथून ती वर हेमराजला हुकूम सोडायची.

"मिस्त्री, खिडकी नदीकडे ठेवू नका. नदी लय पाह्यली."

"मग कुठे ठेवू काकू?"

"रस्त्याकडे. समीक्षा येताना दिसली पाहिजे. भाजी तरी टाकता येते."

"भाजी तं काका टाकते."

"हौ, पण सांगावं मलेच लागते ना, कोणती ते."

या दिवसांत ती वाळत चालली होती. आम्ही पाहत होतो, पण गुडघ्याचं दुखणं, थंडी, वय, अशी कारणं गल्लीत तयारच असतात. लीलाबाई म्हणायची, दवाखान्यात दाखवा. वहिनी म्हणायची, गॅस होय. मी म्हणालो, "वहिनी, भाऊ ठोकळे हलके करून राह्यला अन् तुम्ही पण सोबतच हलक्या होऊन राह्यल्या. हेमराज चुकून भिंतीत लावून टाकन." ती हसली, तोंडाला पदर लावून, खोकला येईपर्यंत हसली. मीही हसलो.

होळीला समीक्षा आली. आईला न्हाऊ घालायला तिनं उचललं आणि न्हाणीतूनच हाक मारली. "बाबा, इकडे या. आईच्या अंगात काही राह्यलंच नाही." त्याच दिवशी गोंदियाला नेलं, तिथून नागपूर. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती पुढं कुठं कुठं गेली होती. डॉक्टरनं विचारलं, गिळायला त्रास कधीपासून. मैनावहिनी म्हणाली, "आठ दिवस झाले असतील."

भाऊ परत आला तेव्हा तेच घोकत होता. "आठ दिवसांत एवढं कसं होते, वसंता? परवापरवापर्यंत पेज पीत होती."

वैशाखात ती गेली. भिंत छातीएवढी झाली होती. खिडकीची चौकट उभी होती, तिच्यावर अजून ठोकळे यायचे होते.

त्यांच्यात दहाव्या दिवशी घर धुवून काढतात. सुतकातलं साठवलेलं पाणी टाकून देतात, माठ फोडतात, भांडी घासून पालथी घालतात. आमच्यात सुतक पाळत नाहीत. पण शेजारीण मेली तर भांडी घासायला कोणती पोथी लागते? लीलाबाई पहाटेच गेली. माठ फुटले, घागरी घासल्या, आणि तो निळा ड्रम तिनं अंगणात आडवा पाडून आत अर्धी शिरून घासला. मी कुंपणावरून पाहत होतो. मला तिचे फक्त पाय दिसत होते, आणि एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊनं ड्रम भरला, राख चाळली, रई मशीनला लावली. समीक्षा म्हणाली, "बाबा, आता कोणासाठी?" भाऊ म्हणाला, "तिले बोललो होतो." एवढंच. पावसाला फार दिवस नव्हते. पुराच्या आधी वर नेतो, असा शब्द होता. माणूस आधी गेलं म्हणून शब्द मोडत नाही, असं त्याचं चाललं होतं. माडी पुरी झाली की तिचा फोटो, तिची खाट, तिचं अंथरूण वर न्यायचं. मग तो सुटणार होता.

ठोकळा बसला.

दुसऱ्या दिवशी परत बसला. भाऊनं राख दोनदा वाटली होती, तीनदा वाटली. सिमेंटचं नवं पोतं आणलं. रिठे बदलले. साचे तेलानं पुसले. सकाळी बघावं तर माल निम्म्यावर. एक ठोकळा त्यातल्या त्यात बरा निघाला तेव्हा त्यानं मला बोलावलं. मी चप्पल काढली, जमेल तेवढा श्वास आत ओढला, जणू त्यानं वजन कमी होतं, आणि चढलो. मोडला. कुंपणावर पोरं होती. टाळी कोणी वाजवली नाही.

भाऊ तुकडे गोळा करत म्हणाला, "हात गेला माझा, वसंता. ती होती तोवर होता."

"हात कुठे जाते गा. मिस्त्रीले विचारू."

हेमराज आला. त्यानं पाणी चाखलं, राख चिमटीत घेतली, साचा उलटा करून पाहिला. काही सापडेना. आम्ही तिघं अंगणात त्या बसक्या ठोकळ्याभोवती मयताभोवती बसावं तसे बसलो होतो. मी म्हणणारच होतो की ठोकळा भाऊवर गेला, दोघंही कमरेतून खचले, तेवढ्यात लीलाबाई वांग्याच्या भाजीची वाटी घेऊन आली. भाऊला रोज काहीतरी आणून द्यायची ती. ठोकळ्याकडे तिनं पाहिलं आणि भाजीत मीठ विसरलं का असं विचारावं तशी म्हणाली,

"भाऊ, तुम्ही पेज टाकणं काहून सोडलं?"

"कोणती पेज वो?" भाऊ म्हणाला.

"ड्रमातली. दहाव्याले मी ड्रम घासला ना. तळाले ही एवढी खळ बसलेली. लुगड्याले देतो तशी. शितं पण होती. आंबूस वास. मले वाटलं तुमच्या मसाल्याचंच काही असन, म्हणून मी काही बोलली नाही."

हेमराज ताडकन उठला. "अरे काकू, वही तो है. खळ दिली की कपडा कसा ताठ राहते? तसाच फेस. पेजेनं बुडबुड्याले धरून ठेवलं, सिमेंट धरेपर्यंत मरू नाही दिलं. म्हणून तं उशिरा धरत होता ठोकळा. राखेनं कस दिला अन् पेजेनं—" तो बोलत राहिला. बोलता बोलता त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली गेला.

"मी पेज नाही टाकली," भाऊ म्हणाला.

खाट अजून ओसरीत ड्रमाशेजारीच होती. कोणी हलवली नव्हती. भाऊ उठला आणि खाटेच्या कडेवर जाऊन बसला, ती बसायची तिथे. हात लांब केला. ड्रमाचं झाकण हाताशी आलं. त्यानं ते उचललं आणि परत ठेवलं.

लीलाबाईनं वाटी खाली ठेवली. खूप हळू म्हणाली, "अंगणात ओतली असती तं मुंग्या लागल्या असत्या. कोंबड्या आल्या असत्या. मी पाह्यलंच असतं ना." मग तिनं पदर तोंडाशी नेला.

ड्रमाचं पाणी नेहमीच राखेनं गढूळ. त्यात एक लोटा पेज कोणाला दिसते? आणि वास आला तर रिठ्याचा म्हणायचा.

भाऊ शिडीनं माळ्यावर चढला. मी त्याच्या मागं गेलो. शिडीनं माझ्या नावानं शिव्या घातल्या, पण धरून राहिली. वर तो भिंतीपाशी बसला होता. खालच्या दोन जड ओळींवरून त्यानं हात फिरवला, मग वर आणला आणि तिसऱ्या ओळीच्या पहिल्या ठोकळ्यावर ठेवला.

"इथून," तो म्हणाला.

"काय इथून?"

"इथून तिनं जेवण सोडलं."

हात भिंतीवरून पुढं सरकत गेला. कोपरा आला, वळला, खिडकीच्या चौकटीपाशी थांबला, परत वरच्या ओळीवर चढला. एकेका ठोकळ्यावर तळवा टेकवत. मी शिडीच्या तोंडाशीच बसून घेतलं.

"डॉक्टरले आठ दिवस सांगितले होते तिनं," भाऊ म्हणाला. "हे पाहा आठ दिवस."

मग म्हणाला, "सांगितलं असतं तं मी काम सोडून तिले नागपूरले नेलं असतं. माडी अर्धी राह्यली असती. म्हणून नाही सांगितलं. मी घरी येऊन लोटा पालथा पाहत होतो, खुश होत होतो. मग साचा उघडून ठोकळा पाहत होतो, परत खुश होत होतो. दोन्हीकडून खुश, वसंता."

खाली लीलाबाईच्या रडण्याचा आवाज येत होता. हेमराज तिला पाणी देत होता आणि कोणतं पाणी द्यावं ते त्याला कळत नव्हतं.

चार दिवसांनी हेमराज एक ठोकळा काखेत घेऊन आला. राजेगावला बसस्टँडजवळच्या भोजनालयातून पेज घेऊन त्यानं घरी ओतला होता. काठोकाठ, बारीक जाळीचा, कोपरे धारदार. मला चढायला लावलं. मी चढलो. काही झालं नाही. कोणाला आनंदही झाला नाही.

"काका," हेमराज म्हणाला, "पंधरा दिवसांत माडी उभी करतो. पावसाच्या आधी. काकूची इच्छा होती."

भाऊनं ठोकळा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. "चांगला आहे," म्हणाला आणि परत दिला.

"मग लावू?"

"नको."

"अर्धी ठेवून काय करता?"

"तिनं जेवढी बांधली तेवढी राहू दे."

हेमराजनं ठोकळा परत काखेत घेतला. तो ठोकळा सायकलला बांधायला लागला तेव्हा भाऊच त्याच्यामागं फाटकापर्यंत गेला. "तू कर याचा धंदा. लोकाले हलकी घरं पाहिजेत. राख मिलीतून मागून घे, माझं नाव सांग. पांढरी घे, काळी नको. अन् पेज..." तो थांबला. "पेज लोकं जेवून उरलेली घे. कोणाच्या तोंडची नको घेऊ."

हेमराज आता राजेगावला ठोकळे ओततो. रविवारी मला बोलावतो, चहा पाजतो, उभं करतो. चांगले निघतात. त्यानं शेजारच्या गावात एका शाळेच्या स्वयंपाकघराची भिंत बांधली. पेज तिथल्याच पोरांच्या भाताची, पोरं जेवून उठल्यावर उरलेली. हे तो मला मुद्दाम सांगतो, म्हणजे मी भाऊला सांगावं.

पावसाच्या तोंडावर भाऊनं छातीएवढ्या भिंतीवर चार बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, उभ्या केल्या आणि टिनाचे पत्रे टाकले. भिंत आणि पत्रे यांच्यामध्ये सगळीकडून मोकळं. खाट वर नेली. खिडकीची चौकट नुसती उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसतो, त्यामुळे खिडकीतून पाहायची गरज कोणाला पडत नाही. आभाळ भरलं की भाऊ वर जातो आणि खाटेवर पाय घेऊन भिंतीला टेकून बसतो. मी खालून म्हणतो, "भाऊ, पाणी आत येऊन राह्यलं असन ना बे, अर्ध्या भिंतीत?" तो म्हणतो, "येऊ दे. नदीचं नाही ना."

सकाळी त्याच्याकडे भात होतो. पेज गाळण्याचा आवाज कुंपणाच्या या बाजूला येतो. मग बऱ्याच वेळानं पितळेचा लोटा ड्रमाच्या झाकणावर पालथा ठेवल्याचा आवाज येतो. ड्रमात तो आता पाणी भरत नाही.

भरवेलीहून समीक्षाचा फोन येतो, माझ्याच मोबाइलवर, कारण बाप उचलत नाही. "काका, बाबा जेवले का?"

आधी मी कुंपणावरून लोटा पाहायचो आणि हौ म्हणायचो. आता म्हणतो, थांब वो बाई, होल्ड कर. या वयात आणि या वजनात कुंपण ओलांडतो, पाय अडकतो, शिव्या देतो. खाटेची जागा रिकामी आहे, तिथे उभा राहतो. लोटा उचलून बाजूला ठेवतो, झाकण काढतो आणि खांद्यापर्यंत वाकून ड्रमाच्या तळाला हात लावतो. हात कोरडा निघाला की मगच तिला सांगतो, "हौ, जेवले."